मैदानासाठी वर्गणी काढताना

कर्वेनगरातल्या आमच्या बागेचं आणि शेजारच्या मैदानाचं काम लोकवर्गणीतून करायचं ठरलं, तेव्हा मी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पावतीपुस्तक माझ्याकडे आलं. आज हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी लिहिते आहे, कारण आमचे दोन महिने निव्वळ वाया गेले आणि ते टाळता आले असते.

आम्ही आधी पैसे गोळा केले आणि मग जागा कोणाची याची चौकशी केली. जागा महापालिकेची निघाली. पालिकेच्या जागेत स्वतःच्या खर्चाने साधा बाक बसवायचा तरी लेखी परवानगी लागते आणि झाडाची फांदी छाटायची तर वृक्ष प्राधिकरणाची. परवानगी येईपर्यंत पैसे पडून राहिले. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय गं, कधी सुरू होतंय?" म्हणून पहिला फेरा क्षेत्रीय कार्यालयात आणि उद्यान विभागात मारा. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

तिथेच आणखी एक गोष्ट कळते. पुणे महापालिकेत २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवली जातात. दिवे, सीमाभिंत, पदपथ यांसाठी तिथे अर्ज करा. ही कामं वर्गणीतून करू नयेत असं माझं ठाम मत आहे. तो आपल्याच कराचा पैसा आहे.

नोंदणीकृत संस्था नसताना धर्मादाय कामासाठी वर्गणी काढायची, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळांना हे माहीत असतं, त्यामुळे जवळच्या मंडळाच्या खजिनदारांना गाठा. मला सगळ्यात जास्त त्यांनीच शिकवलं. देणगीदाराला प्राप्तिकरात ८० जीची सवलत हवी असेल, तर तशी मान्यता असलेल्या संस्थेच्या नावानेच पैसे घ्यावे लागतात. तेव्हाही २००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला ही सवलत मिळत नाही.

आता मागण्याबद्दल. "मैदानासाठी काहीतरी द्या" म्हटलं की लोक "बघू" म्हणतात. "खो-खोचे दोन खांब बसवायचेत, त्यातल्या एकाचे पैसे कमी पडताहेत" म्हटलं की पाकीट बाहेर येतं. आमच्या इमारतीतल्या एका आजींनी खांबाची उंची विचारली. १२० ते १२५ सेंटिमीटर, मी सांगितलं. त्यांनी स्वतःच्या खांद्याशी हात नेऊन अंदाज घेतला, "आमच्या वेळी एवढाच असायचा" म्हणाल्या आणि आतून पाचशेची नोट आणली. प्रत्येक वस्तूची अशी माहिती तोंडपाठ हवी.

हिशेब दर रविवारी बागेच्या फाटकावरच्या फळ्यावर लिहायचो. जमा, खर्च, शिल्लक, बिलाचा क्रमांक. ज्यांनी आधी नकार दिला होता, त्यातले काही जण फळा वाचून स्वतःहून आले. रोख रक्कम घरी ठेवू नका आणि बँक खात्यावर दोघांच्या सह्या ठेवा.

माल उतरताना कोणीतरी हजर राहायलाच हवं. आमचा मुरूम परीक्षेच्या दिवशी आला आणि मी नव्हते. वरचा थर चांगला होता, खाली सगळी खडी. दुसऱ्याच दिवशी सूर मारताना एका मुलीचा गुडघा फुटला. ते बघून मला फार वाईट वाटलं. मग सगळा मुरूम उचलून वाळूच्या चाळणीतून चाळला, पुन्हा पसरला, पाणी मारलं, रोलर फिरवला. पावसाचं पाणी साचू नये म्हणून कडेला हलका उतार ठेवला. हे काम दिवाळीनंतरच काढा. पावसाळ्यात काढलं तर मुरूम वाहून जातो.

आणि सगळे पैसे संपवू नका. आम्ही वर्षभराच्या देखभालीची रक्कम बाजूला ठेवली होती. त्यातूनच पाण्याचा पाइप आणि चुन्याची फक्की येते. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी पोरं यायच्या आधी पाणी मारावं लागतं, नाहीतर धूळ समोरच्या घरांत जाते आणि तक्रारी सुरू होतात.