सायलेन्सरचं पॅकिंग आणायला निघण्याआधी

"सायलेन्सरचं पॅकिंग द्या" म्हणालात की दुकानदार विचारणार, "कुठल्या जोडाचं?" पॅकिंग म्हणजे धुराच्या पाइपाच्या जोडातून धूर गळू नये म्हणून मधे बसवायची रिंग किंवा पत्रा, आणि असे जोड एकाहून जास्त असू शकतात. त्याचं उत्तर घरीच शोधून ठेवायचं. बाकीची तयारी त्यानंतर.

गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण थंड झालेली हवी. सकाळी सुरू केल्या केल्या कानोसा घ्या. गळतीची फटफट थंड इंजिनाला सगळ्यात स्पष्ट ऐकू येते. धातू तापून फुगला की फट मिटते, आवाज दबतो. म्हणूनच मेकॅनिककडे पोचेपर्यंत गाडी शहाण्यासारखी वागायला लागते. कुणाला तरी जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबायला सांगा आणि तेवढ्यात तुम्ही जोडांवर साबणाचं पाणी मारा. फुगे येतील तिथे गळती. काजळीचा काळा फराटाही तीच जागा दाखवतो. हे सगळं उघड्यावर करायचं, बंद पार्किंगमध्ये नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फुगे पाइपाच्या गंजलेल्या भोकातून किंवा वेल्डिंगच्या सांध्यातून येत असतील तर पॅकिंगवर पैसे घालवू नका, ते वेल्डरचं काम आहे.

मोटरसायकलला सहसा दोन जागा असतात. एक, इंजिनाच्या हेडला (वरच्या भागाला) धूर बाहेर नेणारा वाकडा बेंड पाइप लागतो तिथली गोल रिंग, तांब्याच्या पत्र्यात मढवलेली किंवा ग्राफाइट-जाळीची. दुसरी, बेंड पाइप सायलेन्सरमध्ये शिरतो तिथली ग्राफाइटची बाही. बऱ्याच गाड्यांना मात्र पाइप आणि सायलेन्सर एकच असल्याने ती नसतेच. कारमध्ये मॅनिफोल्डला (सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या भागाला) पोलादी पत्र्यांचं चपटं पॅकिंग असतं, खाली स्प्रिंगच्या बोल्टवर झुलणाऱ्या जोडात वड्यासारखी गोल रिंग. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

मापाच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. जुनी रिंग मोजून नवी आणली, पण दाबली जाऊन जुनीची जाडी केव्हाच कमी झाली होती. म्हणून रिंगपेक्षा हेडमधला खाचा आणि पाइपाचं तोंड व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) मोजा. आतला व्यास भोकापेक्षा लहान नको, धुराच्या वाटेत कड येते. सोबत गाडीचं मॉडेल, बनावटीचं साल आणि चेसिस नंबर लिहून घ्या. 1 एप्रिल 2020 पासून बीएस6 हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर बऱ्याच गाड्यांचं एक्झॉस्ट बदललं, तेव्हा त्याच नावाच्या जुन्या गाडीचं पॅकिंग बसेलच असं नाही. या गाड्यांना धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याच्या आधी फट राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला पेट्रोल कमी पडल्यासारखं वाटतं, जास्त पेट्रोल सोडलं जातं आणि अॅव्हरेज घसरतं.

कागदाचं किंवा रबराचं पॅकिंग इथे चालत नाही. लाल सिलिकॉन साधारण 300 अंशांच्या आसपास टिकतं, आणि हेडजवळचा धूर जोरात चालवताना 600 च्या वर जातो. शिवाय साध्या सिलिकॉनच्या वाफेने सेन्सर बिघडतो. दोन पैसे जास्त देऊन कंपनीची रिंग घ्या, ही काही मोठी खरेदी नाही.

खोलायच्या आदल्या रात्री नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. बऱ्याच छोट्या गाड्यांना 10 चा सॉकेट लागतो, तो घट्ट बसणारा हवा. हेड अॅल्युमिनियमचं असतं. त्यात बसवलेला स्टड (नट लागतो तो आट्यांचा दांडा) तुटला तर पन्नास-शंभरच्या पॅकिंगपायी हजाराचं काम निघतं. जुनी रिंग वाकवलेल्या तारेने पूर्ण ओढून काढा. ती हेडमध्येच चिकटून बसते, दिसत नाही, आणि लोक तिच्यावरच नवी बसवतात. जुन्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस (ज्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते) असू शकतं, तेव्हा कोरडं खरवडू नका, पाण्याने भिजवून काढा.

बसवताना दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा, नाहीतर फ्लँज (पाइपाची नट लागणारी चपटी कड) तिरका बसतो. एक फेरी मारून गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा एकदा हलकेच आवळा. स्प्रिंगच्या बोल्टना मात्र ठरलेल्या मर्यादेपलीकडे कसू नका, तो जोड हलण्यासाठीच असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच साबणाचं पाणी पुन्हा.