घरच्यांच्या आठवणींवर माहितीपट करायचाय?

‘संपाबद्दल सांग’ म्हटलं की घरचे पेपरात आलेलंच सांगतात. त्यापेक्षा हातात वस्तू द्या. मी आत्यासमोर आजोबांचा गिरणीत न्यायचा डबा ठेवला आणि १९८२च्या गिरणी संपाचं नावही काढलं नाही. तिने कडी उघडली, आतला चेपलेला कप्पा अंगठ्याने चाचपला, आणि तेव्हा ज्वारी कुणाकडून उसनी आणायची ते आपसूक बोलू लागली.

एकच घटना प्रत्येकाला वेगळं बसवून विचारा. काकांच्या आठवणीत आजोबा मोर्चात पुढे असतात, आत्याच्या आठवणीत ते केव्हाच गावी निघून गेलेले. दोन्ही ठेवा, निवाडा करू नका. कॅनडाच्या दिग्दर्शिका सारा पॉली यांच्या २०१२च्या ‘स्टोरीज वी टेल’ या माहितीपटात त्यांच्या आईची गोष्ट अशीच अनेक तोंडांनी येते, शिवाय त्यातली घरगुती वाटणारी बरीच दृश्यं नटांना घेऊन चित्रित केलेली आहेत. तुम्हीही असं काही रचलंत, तर ते प्रेक्षकाला कळू द्या.

कॅमेरा मोबाइलचा चालेल, पण कॉलर माइक हवाच. पंखा बंद करा. उत्तर संपलं तरी रेकॉर्डिंग चालू ठेवा. मनातलं बहुधा त्यानंतरच येतं.

कच्चं संकलन आधी घरच्यांना दाखवा. कुणी ‘हे नको’ म्हटलं, तर तो भाग काढा.