फायबरची होडी दुरुस्त करायला शिकायचंय?

आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबागेतल्या फायबरच्या शेडमध्ये येणारी पोरं आल्या आल्या एकच विचारतात, मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चादर, कधी लावायला मिळणार? उशिरा मिळेल. आधी ग्राइंडर.

आमच्याकडे मुख्य काम पाण्याच्या टाक्यांचं आणि बसच्या पार्टचं. पण चोर्ला घाट चढून गोव्याची एखादी जुनी शिडाची होडी ट्रकवर येते, तेव्हा खरं शिक्षण होतं. टाकी गळली तर फरशी ओली होते, होडी गळली तर आत माणसं असतात.

होडीचं भोक दिसतं तेवढंच नसतं. प्लॅस्टिकच्या हातोडीने भोवताली ठोकत जायचं. टणक आवाज म्हणजे फायबर शाबूत, भद्द आवाज म्हणजे आतले थर सुटलेत. खडूने खूण करत गेलात की तळहाताएवढं भोक कधी कधी ताटाएवढं निघतं. मालकाला पैशाचा अंदाज द्यायचा तो हे झाल्यावरच.

मग उतार. फायबर ६ मिलीमीटर जाड असेल तर भोकाच्या कडेपासून चहूबाजूंनी ७२ मिलीमीटरपर्यंत, म्हणजे जाडीच्या १२ पट, घासत निमुळतं न्यायचं. नवं फायबर जुन्याला रसायनाने एकजीव होत नाही, नुसतं चिकटतं. म्हणून चिकटायला जागा भरपूर हवी. आमचे मेस्त्री आजही ओरडतात, “गडबड कशाला करालास? घास अजून!” काचेची धूळ अंगाला दोन दिवस खाजते. रुमाल बांधून भागत नाही, फिल्टरचा मास्कच हवा.

खारं पाणी मुरलेली होडी गोड्या पाण्याने धुऊन वाळवायची. वाळली का बघायला प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर चिकटवा. सकाळी आतून थेंब दिसले तर थांबा. खानापूरकडच्या पावसाळ्यात हे थांबणं फार लांबतं.

आता रसायन. मॅट भिजवून घट्ट करणाऱ्या पॉलिएस्टर रेझिनला, ते जमवणारं कॅटलिस्ट १ ते २ टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम. डिसेंबरच्या गार सकाळी रेझिन जमत नाही म्हणून कॅटलिस्ट जास्त ओतू नका, ऊन वर येऊ द्या. कोबाल्ट (जमण्याचा वेग वाढवणारं रसायन) आणि कॅटलिस्ट थेट एकत्र कधीही ओतायचं नाही, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच कॅटलिस्ट. नवीन पोराच्या हातात दोन्ही बाटल्या एकदम देणाऱ्या शेडमध्ये मी तरी काम करणार नाही.

थर लावताना मॅटचा सगळ्यात मोठा तुकडा आधी की लहान, यावर मेस्त्रींत वाद आहे. मी मोठा आधी लावतो. जुन्या फायबरवर एकच सलग थर बसतो. एकदम फार थर चढवू नका, रेझिन तापून तडकतं. रोलरने हवा काढा.

पाण्याखालच्या भागाला इपॉक्सी हे दुसरं रेझिन जास्त भरवशाचं, पण महाग. त्याच्याबरोबर साधी मॅट सहसा चालत नाही. तिचे धागे धरून ठेवणारा चिकट बांध पॉलिएस्टरमधल्या स्टायरिन या द्रवाने विरघळतो, इपॉक्सीत तसा विरघळत नाही. विणलेलं कापड घ्या. वरून जेलकोट, म्हणजे बाहेरचा चकचकीत थर, तोही नीट धरत नाही, तिथे पेंटच.

हात बसला की कारवार-गोव्याकडे जाऊन बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि फायबरवाल्याला मागणी असते. जाताना स्वतःचा मास्क घेऊन जा, तिथे मिळेलच असं नाही.