सीझन तिकीट घेताना या चुका टाळा

संघ दोन-चार सामने ओळीने जिंकला की ओळखीतल्या कोणाचा तरी हमखास प्रश्न येतो, की सीझन तिकीट (संघाच्या घरच्या मैदानावरच्या हंगामभराच्या सामन्यांचे एकत्र तिकीट) घ्यावे का; आणि प्रश्नाबरोबर एक भागाकारही तयार असतो. तिकिटाची रक्कम भागिले घरच्या मैदानावरचे सामने, उत्तर सुट्या तिकिटाहून कमी, म्हणजे सौदा फायद्याचा. या गणितातला भाजकच चुकलेला असतो. भागायचे ते आपण खरोखर जाऊ शकू अशा सामन्यांच्या संख्येने, क्लबाने छापलेल्या संख्येने नव्हे.

ही चूक मीही केलेली आहे. फुटबॉलच्या ज्या हंगामाचे तिकीट मी पहिल्यांदा घेतले, त्यात घरच्या मैदानावर १९ सामने होते आणि तिकिटाची किंमत साधारण १४ सुट्या तिकिटांइतकी होती, तेव्हा पाच सामने फुकट पदरात पडले अशा आनंदात मी होतो. वहीच्या शेवटच्या पानावर सगळ्या तारखा उतरवून मी प्रत्येक सामन्यापुढे बरोबरची खूण करत असे. पहिल्या चार ओळींत खुणा सलग आहेत. पुढे खुणेच्या जागी ‘काम’, ‘ताप’, ‘लग्न’, पुन्हा ‘काम’ असे शब्द दिसू लागतात, आणि दोन ठिकाणी ‘तारीख बदलली’ असे चिडून लिहिलेले आहे, कारण दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी शनिवार दुपारचे ते सामने आठवड्याच्या मधल्या रात्रींवर ढकलले गेले होते. हंगामाच्या शेवटी खुणा भरल्या ११. चौदाला अकराने भागले, तर प्रत्येक सामना मला सुट्या तिकिटाच्या सव्वापटीहूनही थोडा महागच पडला होता.

तेव्हापासून मी मागच्या हंगामाचे वेळापत्रक समोर ठेवतो, त्यातल्या कोणत्या दिवशी मी खरोखर मोकळा होतो हे जुन्या नोंदींवरून पाहतो आणि येणाऱ्या आकड्यातून आणखी दोन सामने वजा करतो. या कामाला अर्धा तास लागतो. मुदत संपायला दहा मिनिटे उरली असताना तिकीट घेऊन मग सल्ला विचारणाऱ्यांना तो अर्धा तास जड का वाटतो, हे मला अद्याप उमगलेले नाही.

दुसरी लाडकी समजूत अशी, की जाता आले नाही तर तिकीट विकून टाकू. ज्या सामन्याला पावसाळी मंगळवारी जाण्याचा आपल्याला कंटाळा येतो, त्याच सामन्याला जाण्याचा इतरांनाही कंटाळा येतो, आणि ज्याला गिऱ्हाईक रांगेत उभे असते तो सामना आपण स्वतः सोडत नाही. म्हणून विक्रीला नेहमी पडेल मालच निघतो. दुसऱ्या वर्षी मी क्लबाच्या अधिकृत पुनर्विक्री व्यवस्थेत तीन सामने टाकले, त्यांतला एक विकला गेला. शिवाय नियम ठाऊक असावे लागतात: इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्याच्या कलम १६६ नुसार फुटबॉलच्या तिकिटाची अनधिकृत विक्री हा गुन्हा आहे, मग ती मित्राच्या मित्राला केलेली का असेना. माझ्या हिशेबात पुनर्विक्रीचे उत्पन्न शून्य धरलेले असते.

खेळ कोणता, याकडेही दुर्लक्ष होते. इंग्लंडच्या फुटबॉलमधील प्रीमियर लीगमध्ये घरचे १९ सामने असतात, अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, साधारणपणे ४१ आणि अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ८१. एकट्याने ८१ संध्याकाळी मैदानावर घालवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, त्यामुळे तिथे तिघा-चौघांनी मिळून तिकीट घेणे शहाणपणाचे ठरते; मात्र मोठे सामने कोणाच्या वाट्याला, हे चिठ्ठ्या टाकून आधीच ठरवावे आणि लिहून ठेवावे. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या, तिकिटात हंगामपूर्व सराव सामनेही गळ्यात पडतात, तेव्हा ते भाजकात धरू नयेत. चषक स्पर्धांचे आणि बाद फेरीचे सामने तिकिटात आहेत की त्यांचे पैसे वेगळे, तेही आधी वाचावे.

पैसे भरले आहेत म्हणून तापातही मैदान गाठणे, ही चूक नाट्यगृहात मोजली गेलेली आहे. आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांच्या १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नाटकांच्या सीझन तिकिटाची पूर्ण किंमत मोजलेल्यांनी हंगामाच्या पूर्वार्धात सवलतवाल्यांपेक्षा अधिक प्रयोगांना हजेरी लावली. उत्तरार्धात तो फरक उरला नाही. माझ्या वहीतल्या पहिल्या चार खुणांचे रहस्य बहुधा हेच असावे.

जागा नकाशावर पाहून घेऊ नये. त्याच स्टँडचे सुटे तिकीट काढून एक सामना बसून पाहावा, खांब आणि ऊन नकाशात दिसत नाहीत. प्रवासाचा खर्च वेगळा मांडावा.

एका बाबतीत मात्र माझा भागाकार अपुरा पडतो. एनएफएलमधल्या ग्रीन बे पॅकर्स या संघाचे सामने १९६० पासून सीझन तिकिटांवरच भरलेले आहेत आणि प्रतीक्षा यादीत लाखाहून अधिक नावे आहेत. अशा ठिकाणी सोडलेली जागा पुन्हा हाती लागत नाही, तेव्हा पाच-सहा सामने हुकले तरी ती धरून ठेवण्यात अर्थ आहे. जिथे प्रत्येक सामन्याच्या दिवशी खिडकीवर तिकीट मिळते, तिथे ‘जागा जाईल’ ही भीती विक्रेत्याने घातलेली असते, आणि तिथे मी गेली तीन वर्षे सुटी तिकिटेच काढतो आहे.