चिंचोके मांडून शिवाराचा आराखडा कसा करावा

सोलापूर जिल्ह्यात जमिनीचा आराखडा म्हणजे शेवटी पाण्याची वाटणी. ऊस किती, ज्वारी किती, गायरान कुठवर राखायचं, हे नुसत्या बैठकीत काढलं की दोन-चार बागायतदार बोलतात आणि बाकीचे गप्प उठून जातात. नकाशा जमिनीवर अंथरून त्यावर खेळ मांडला की हिशोब सगळ्यांना दिसतो. दोन दिवस काढा.

आधी नकाशा. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरून गावाचा गटनकाशा घ्या आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उपग्रहचित्रावर बसवा. त्यासाठी शिवेचे दगड, जुनी विहीर, ओढ्यावरचा पूल असे निदान सहा पक्के बिंदू धरा आणि ते चारी दिशांना पसरलेले असू द्या. सगळे गावठाणाजवळ घेतले तर शिवेकडचे गट सरकतात. चित्रासाठी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचं चित्र फुकट मिळतं, त्यातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटरचा. एक चित्र जानेवारीचं आणि एक मेचं घ्या. फक्त मेचं घेतलं तर ज्वारी काढून झालेली काळी रानं पडीक दिसतात. मात्र मेमध्येही जे हिरवं दिसतं ते बहुतेक ऊस नाहीतर फळबाग, म्हणून दोन्ही चित्रं हवीत.

छपाई १:५००० ला, म्हणजे १ सेंटिमीटरला ५० मीटर. चार किलोमीटरचं शिवार ८० सेंटिमीटरांत बसतं, साध्या फ्लेक्सवर छापलं तरी चालतं.

पहिला तासभर पेन बायका, भूमिहीन आणि मेंढपाळांच्याच हातात द्या. संगणक ज्याला पडीक म्हणतो ते माळरान मेंढरांची चराई असते, आणि नान्नजच्या बाजूला माळढोक पक्ष्याचं अभयारण्यही. चराईच्या वाटा आणि पाणवठे त्यांच्याच हाताने काढून घ्या. बागायतदार आधी बसले की हे नकाशावर येतच नाही.

आता खेळ. ४ सेंटिमीटरचा चौकोनी पुठ्ठा म्हणजे या नकाशावर ४ हेक्टर, ढोबळ दहा एकर. एक चिंचोका म्हणजे त्या पुठ्ठ्यावर १०० मिलिमीटर पाणी, म्हणजेच ४० लाख लिटर. पावसाखेरीज उसाला १६ चिंचोके, रब्बी कांद्याला ५, काळ्या रानातल्या ज्वारीला पीक तगवण्यापुरत्या एका पाण्याचा १. आकडे ढोबळ आहेत, गावकऱ्यांनी बदलले तर बदलू द्या. डाळिंबाचा आकडा ठिबकवाल्यालाच विचारा: झाडाला रोज किती लिटर, झाडं किती, दिवस किती.

मधे ठेवलेलं वाडगं म्हणजे गावाचं भूजल. त्यात किती चिंचोके टाकायचे? १०० पुठ्ठ्यांच्या, म्हणजे हजार एकरांच्या शिवारात ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याचा दहावा हिस्सा मुरला असं धरलं तर ५० चिंचोके होतात. त्यात ज्वारीचे ५० पुठ्ठे निघतात, कांद्याचे १०, उसाचे फक्त ३. हजार एकरांवर मुरलेलं पाणी तीस एकर उसात संपतं. हे आकड्यात सांगून पटत नाही, रिकामं वाडगं बघितल्यावर पटतं.

सहा जण बसवा, प्रत्येकाला चार पुठ्ठे. पावसाची चिठ्ठी पीक मांडल्यानंतरच काढायची: हस्त चांगला बरसला तर वाडग्यात ८० चिंचोके, सरासरीला ५०, कोरड्याला २०. मग ज्याची बोअर सर्वांत खोल तो आधी उचलतो. चिंचोके संपले की पुढच्याचा पुठ्ठा उलटा, पीक वाळलं. उरलेले चिंचोके पुढच्या वर्षाला. पिकाचे पैसे खेळाडूंनी सांगितलेल्या गेल्या हंगामाच्या भावाने लावा. एक डाव म्हणजे एक वर्ष. पहिली चार वर्षं न बोलता खेळा, पुढची चार चर्चा करून. आंध्रातल्या अनंतपूरमध्येही भूजलाचा असा पीकनिवडीचा खेळ शेतकऱ्यांसोबत आधी न बोलता, मग बोलून खेळला गेला. उजनीच्या कालव्याचं पाणी येत असेल तर त्यासाठी चिंचोक्यांऐवजी कवड्या वेगळ्या ठेवा, आणि गेल्या वर्षी प्रत्यक्षात आली तेवढीच आवर्तनं मोजा.

खेळ बहुधा बांधावरून फिसकटतो. मोबाइलच्या जीपीएसमध्ये पाच-दहा मीटरची चूक सहज येते. म्हणून ही मोजणी नव्हे, मोजणी भूमी अभिलेख खात्याचीच, हे सुरुवातीलाच सांगा आणि पुठ्ठ्यावर कुणाचं नाव लिहू नका.

पुठ्ठे उचलण्याआधी सरळ वरून फोटो काढा आणि त्याच रात्री सगळं क्यूजीआयएसमध्ये भरा, कारण चार दिवसांनी खुणा कुणालाच आठवत नाहीत. छापील प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आठ दिवस लावा, शेजारी दोरीला पेन बांधा. दुरुस्त्या झाल्या की तीच प्रत ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या ग्रामसभेत ठेवा.