आल्बीचं कॅथेड्रल कसं बघायचं (आधी बाहेरून!)

फ्रान्समधे तूलूझला जाणार असाल तर एक दिवस आल्बीसाठी काढा, ट्रेनने साधारण तासाभरात पोचता. पण उतरल्या उतरल्या कॅथेड्रलमधे (म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमधे) घुसू नका. आधी तार्न नदीवरच्या जुन्या पुलावर जा आणि नुसतं बघत उभे राहा. लाल विटांच्या सरळसोट भिंती, त्यातून पुढे आलेले बुरुजासारखे गोल खांब, खिडक्या म्हणजे उभ्या चिरा आणि ७८ मीटरचा मनोरा, चर्च कमी आणि किल्लाच जास्त वाटतो की नाही? तसा वाटावा म्हणूनच बांधलाय तो.

आता हे कुणाला दाखवायला, ते ट्रेनमधेच वाचून घ्या म्हणजे तिथे गाइडच्या मागे पळावं लागत नाही. या भागात कॅथर पंथाचे बरेच लोक होते, चांगली आणि वाईट अशा दोन शक्ती मानणारे, चर्चच्या थाटामाटाला न जुमानणारे. १२०९ ला पोपचं क्रूसेड, म्हणजे धर्मयुद्ध, त्यांच्यावर आलं (हो, ख्रिश्चनांवरच!), ते १२२९ पर्यंत चाललं आणि त्याला नावही या आल्बीवरूनच पडलं. पुढे १२४४ ला मोंसेग्यूर किल्ल्यापाशी दोनशेहून जास्त कॅथर जिवंत जाळले. कॅथेड्रलचा पाया मात्र १२८२ चा, म्हणजे लढाई कधीच संपली होती, तरी किल्ला! कारण पाखंड्यांवर वचक ठेवायचा होता. आल्बीचा बिशप बेर्नार द कास्ताने (Castanet) हा स्वतः इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, चालवत होता आणि १२९९-१३०० मधे त्याने गावातल्याच बड्या लोकांना पाखंडी ठरवून तुरुंगात टाकलं. आपल्याला गोव्यातलं १५६० चं इन्क्विझिशन माहीत असतं, हे त्याच्या कितीतरी आधीचं.

आत गेलात की सगळे छताकडे बघतात, तुम्ही पश्चिमेच्या भिंतीकडे वळा. तिथे १५व्या शतकाच्या शेवटचं अंतिम न्यायाचं प्रचंड चित्र आहे. मोबाइलचा झूम वापरा आणि थडग्यातून उठलेली माणसं शोधा, प्रत्येकाच्या छातीवर उघडं पुस्तक आहे, आयुष्यभराचा हिशोब! खाली नरकात खादाडांच्या पानात बेडूक वाढलेत, गर्विष्ठांना चाकांवर बांधलंय. ख्रिश्चन धर्मातल्या सात महापापांपैकी आळस सापडला नाही तर शोधत बसू नका, १७व्या शतकात भिंत मधे फोडून दार केलं तेव्हा तो गेला आणि त्याच्याबरोबर न्याय करायला बसलेला येशूपण गेला.