परदेशी विद्यार्थी घरी ठेवताय? या चुका टाळा

आमच्या ख्रिस्ती शाळेच्या आणि मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) ओळखीतून परदेशी मुले सोलापुरात येऊन राहतात, त्याला आता बरीच वर्षे झाली. दर खेपेला नवी कुटुंबे पुढे येतात आणि दर खेपेला त्याच चुका करतात. माया कुठेच कमी पडत नाही, पण आधी विचारून घ्यायचे राहून जाते.

सगळ्यात घातक चूक शेंगदाण्याची. आमच्याकडे आलेल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या फॉर्मवर 'नट्सची ॲलर्जी' एवढेच लिहिले होते. मी काजू, बदाम, पिस्ते, अक्रोड डब्यात भरून माळ्यावर टाकले आणि निश्चिंत झाले. शेंगदाणा आपल्याकडे सुकामेव्यात धरतो कोण? शेंगा चटणी पहिल्या दिवशी वाढली नाही, तीही केवळ तिखट लागेल म्हणून. दुसऱ्या दिवशी दोडक्याची भाजी केली, नेहमीसारखी कूट घालून. तिसऱ्या घासाला तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला. पित्त उठले असेल म्हणून सासूबाई आमसूल शोधू लागल्या. पोरीने थरथरत्या हाताने बॅगेतून ॲड्रेनालिनचे पेन (तीव्र ॲलर्जीत तातडीने टोचायचे इंजेक्शन) काढले आणि स्वतःच मांडीत टोचून घेतले. ते जवळ होते म्हणून आम्ही दवाखान्यापर्यंत पोहोचलो. तिथेही डॉक्टरांनी लगेच सोडले नाही. बरे वाटल्यावरही काही तासांनी हा त्रास पुन्हा उलटू शकतो. ती रात्र मी बाकावर बसून काढली.

तेव्हापासून मी फॉर्मवर विसंबत नाही. मूल यायच्या आधी त्याच्या आईला व्हिडिओ कॉल लावते आणि स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडून दाखवते: कूट, शेंगदाण्याचे तेल, तीळ, बेसन. शेंगदाणा वर्ज्य असेल तर मूल असेपर्यंत तो घरातच येत नाही. ज्या भांड्यात कूट दळला, ते मिक्सरचे भांडेही बाजूला ठेवते. पेने दोन आणायला सांगते, कारण आपल्याकडच्या मेडिकलमध्ये ती सहजी मिळत नाहीत. ती फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत आणि एप्रिलच्या चाळीस अंशांत गाडीतही सोडायची नाहीत. टोचायचे कसे, हे घरातल्या सगळ्यांनी शिकायचे. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत कुणी प्रेमाने तिळगूळ पुढे केला, तर त्यात दाणे आहेत का हे मोठ्या माणसानेच विचारायचे. 'थोडे खाऊन बघ, सवय होईल' म्हणणाऱ्यांच्या घरी मी मूल पाठवत नाही. त्यावर चर्चाही करत नाही.

दुसरी चूक माइकची. रविवारची उपासना संपत आली की कुणीतरी वडीलधारे उठतात, 'आपल्यात परदेशाहून पाहुणे आलेत, ते साक्ष देतील.' साक्ष म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सगळ्यांपुढे सांगणे. एकदा एका मुलाला असेच उभे केले. तो लालबुंद होऊन खाली बघत राहिला, आणि पुढच्या रविवारी खोलीतून बाहेरच आला नाही. ख्रिस्ती शाळेमार्फत आलेले प्रत्येक मूल श्रद्धावान असेलच असे नाही. शिवाय हा कायद्याचाही प्रश्न आहे. विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर उपासनेला बसता येते, धर्मप्रचाराचे भाषण करता येत नाही. हौस आपली होते आणि व्हिसा त्या मुलाचा अडचणीत येतो. पहिल्या रविवारच्या आधीच मी पाळकसाहेबांना गाठून सांगते: त्याला मंडळीत बसू द्या, पेटी-तबल्यावरची भजने ऐकू द्या, पुढे बोलवू नका.

पोलिसांकडची नोंद 'बघू सोमवारी' म्हणून लांबवू नका. परदेशी माणूस घरी उतरला की 24 तासांच्या आत ऑनलाइन माहिती भरावी लागते. लोक तिला फॉर्म सी म्हणतात. हा नियम लॉजला आहे तसाच आपल्या घरालाही आहे. 'ओळख आहे, सांभाळून घेतील' हा आडमार्ग मला मान्य नाही. पासपोर्टची झेरॉक्स घ्या, मूळ पासपोर्ट मात्र मुलाकडेच राहू द्या. स्वतःच्या कपाटात कुलूपबंद करू नका.

नळाला रोज पाणी येत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. बादली-तांब्याने अंघोळ करून बघायला लावा, डोक्याला शाम्पू लावल्यावर टाकी रिकामी व्हायची वाट बघू नका.

पहिल्या आठवड्यात जेवणाची आमंत्रणे घेऊ नका. मंडळीतल्या प्रत्येक घराला उत्साह असतो, पोट मात्र एकच असते.

आपल्या मुलांचे इंग्रजी सुधारेल म्हणून कुणाला ठेवणार असाल तर ठेवू नका. गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळेच कानावर पडते. त्यातले काही शब्द त्यालाच शिकू द्या.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास बहुतेक मुले गप्प होतात. नव्या यजमानांना वाटते, आपले काही चुकले, आणि ते त्याला बाजारात नाहीतर सिद्धेश्वर तलावावर ओढून नेतात. नेऊ नका. दार लोटून घ्या, आईशी पोटभर बोलू द्या, आणि त्या रात्री फक्त वरणभात करा.